कानाजवळची खुर्ची

आमचे सर वर्तमानपत्र वाचत नसत, बघत असत. कुठल्या देशाचा प्रमुख काय म्हणाला याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. "बोलणं काय, कुणीतरी लिहून देतं आणि हे वाचतात," असं म्हणून ते थेट फोटोकडे वळत. खिशातून बोटभर उरलेली पेन्सिल काढत, फोटोतल्या मधल्या माणसाकडे साफ दुर्लक्ष करत आणि त्याच्या शेजारी जो कुणी बसलेला असेल, किंचित वाकून काही सांगत असेल, त्याच्या डोक्याभोवती गोल काढत. स्टाफरूममधल्या प्रत्येक वर्तमानपत्रात असे गोल असत. बाकीचे प्राध्यापक वैतागत. खेळाचे सर एकदा म्हणाले, "अहो, निदान क्रिकेटचं पान तरी सोडा."

"सोडलं तर कॅप्टनच्या कानाशी कोण आहे ते तुम्हाला कसं कळणार?" सर म्हणाले आणि गोल पुरा केला.

कल्याणच्या आमच्या कॉलेजात सर आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायचे. राज्यशास्त्र घेणारे आम्ही मोजकेच होतो. सर विद्यार्थ्यांना अहोजाहो करत आणि जगातल्या झाडून सगळ्या राष्ट्रप्रमुखांना एकेरी. आमची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते स्टेशनांवरून हाक मारत. "शहाड, तुम्ही खिडकी उघडा." "टिटवाळा, आज पुन्हा उशीर?" मी आंबिवली. खरं तर माझं गाव आंबिवली स्टेशनापासून रिक्षाने बरंच आत, नदीच्या अलीकडे. पण सरांनी हाक मारली की अख्खं स्टेशन आपल्या मालकीचं असल्यासारखं वाटायचं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. शाळा गावची, पुढे हायस्कूल मराठी. पहिल्या वर्षी ग्रंथालयातलं इंग्रजी पुस्तक मी नुसतं उघडून परत मिटत असे. सरांनी ते पाहिलं असावं. एकदा जाता जाता म्हणाले, "आंबिवली, भांडण कुठल्या भाषेत समजतं तुम्हाला?" मी म्हटलं, "मराठीत." "मग झालं तर. परराष्ट्र धोरण म्हणजे भांडण आणि भांडण न होऊ देणं. मराठीत समजून घ्या, इंग्रजीचं नंतर बघू." एवढ्या एका वाक्यावर मी पुढे एम.ए. झाले, असं मी म्हटलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटते. पण ते तसंच आहे.

देशांनाही सरांनी आपली नावं ठेवली होती. सातासमुद्रापलीकडची महासत्ता म्हणजे 'मोठं घर'. तिच्याशी सतत वाकड्यात असणारा देश 'मागच्या आळीतले'. मोठ्या घराच्या प्रमुखाभोवती कोण कोण सल्लागार आहेत, त्यातला कोण वर चढतोय, कोण बाजूला पडतोय, याचा सरांना जो नाद होता तो दुसऱ्यांना गाण्याचा किंवा पत्त्यांचा असतो. "राजा बघू नका," ते म्हणत, "राजाचा कान बघा. कानाजवळच्या खुर्चीवर कोण बसलंय, त्यावर दोन महिन्यांनी राजा काय बोलेल ते ठरतं."

पुस्तकांत अशा सल्लागारांना पक्ष्यांची नावं दिलेली असतात. लढा म्हणणारे ससाणे आणि सबुरीने घ्या म्हणणारी कबुतरं. सरांना ते मान्य नव्हतं. "आमच्या वर्तकनगरच्या खिडकीत कबुतरांनी जो उच्छाद मांडलाय, त्यानंतर शांततेशी त्यांचा संबंध लावायला मी तयार नाही." त्यांचे शब्द साधे होते, गरम माणूस आणि गार माणूस. हे शब्द मी पुढे विद्यापीठाच्या परीक्षेतसुद्धा लिहिले आणि तपासणाऱ्यांनी गुण कापले नाहीत.

सरांचा सगळ्यांत आवडता तास म्हणजे दरबार. वर्गातल्या तीन खुर्च्या पुढे आणायच्या. मधल्या खुर्चीवर शहाड, म्हणजे राजा. एका बाजूला टिटवाळा, गरम सल्लागार. दुसऱ्या बाजूला मी, गार. सर एखादा प्रसंग सांगत, सीमेवर मागच्या आळीतल्यांनी आगळीक केली आहे, आता काय? टिटवाळा ताडकन म्हणायचा, "दाखवून देऊ!" मी सुरू करायचे, "महाराज, एका बाजूने पाहता आगळीक झाली आहे हे खरं, परंतु..." आणि वर्ग हसायला लागायचा.

"हसू नका," सर म्हणत. "इथेच सगळं आहे. गरम माणसाचं वाक्य दोन शब्दांचं. गार माणसाच्या वाक्यात एक 'परंतु' असतोच, आणि राजाला 'परंतु' ऐकायला वेळ नसतो. शिवाय गरम माणसाला चुकण्याची भीती नाही. लढाई झाली नाही, तर तो म्हणतो, माझ्या धाकाने झाली नाही. झाली, तर म्हणतो, मी सांगत नव्हतो? आणि गार माणसाचं नशीब बघा, त्याचं ऐकून शांतता टिकली, तर काहीच घडत नाही. जे घडलंच नाही त्याचे हार कुणाला घालणार?"

मग ते गुपचूप माझी आणि टिटवाळ्याची खुर्ची हलवत. मला राजाच्या अगदी खांद्याशी आणत, टिटवाळ्याला फळ्याच्या कोपऱ्यात. प्रसंग तोच, सल्ले तेच. शहाडला आता माझं पटायचं. दर वेळी. शहाड स्वतः चकित व्हायचा. "सर, मी मुद्दाम नाही करत. ही जवळून बोलते ना, ते बरोबर वाटतं."

"राज्यं अशीच चालतात, शहाड. बसा खाली."

सर नेहमी बरोबर असत असं मात्र नाही. एकदा त्यांनी सकाळीच वर्गात वर्तमानपत्र फडकावलं. मोठ्या घराचा प्रमुख कुठल्याशा बैठकीत बसला होता आणि मागून एक नवाच, करड्या केसांचा माणूस अगदी त्याच्या कानाशी वाकलेला. सरांनी त्याच्याभोवती दोनदा गोल काढला होता. "आला! गरम गट परत आला. जबडा बघा याचा. आता बोलणी मोडणार." पूर्ण तास त्या जबड्यावर गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, तो दुभाषा होता.

सर वर्गात आले, त्यांनी ते आपण होऊन सांगितलं आणि खडू माझ्या हातात दिला. "शिक्षा म्हणून आजचा तास मी बाकावर बसणार. आंबिवली, तुम्ही शिकवा." मी फळ्याकडे गेले. काय शिकवलं ते मला आठवत नाही. पण पहिल्या बाकावर गुडघे अवघडून बसलेले सर आणि त्यांनी वर केलेला हात आठवतो. "मॅडम, एक शंका आहे." मला आयुष्यात पहिल्यांदा मॅडम म्हणणारे सर. आज ठाण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुलं मला मॅडम म्हणतात, तेव्हा तो बाक डोळ्यांपुढे येतो.

तेव्हापासून "आधी दुभाषा आहे का बघा" ही सरांची आणखी एक म्हण झाली.

परराष्ट्र धोरण शिकवणाऱ्या या माणसाकडे पासपोर्ट नव्हता. ठाणे जिल्ह्याबाहेर जायचाही त्यांना कंटाळा. "शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीच्या मनात काय आहे ते मला वीस वर्षं कळलेलं नाही. परदेशात जाऊन काय कळणार?" त्यांच्या वर्तकनगरच्या घरी गेलं की टीव्हीवर बातम्या चालू असत आणि आवाज बंद. सर पडद्याजवळ स्टूल घेऊन बसलेले. काकू आतून म्हणत, "बघ बाई, जगात कुणाच्या कानाजवळ कोण बसलंय ते यांना ठाऊक. यांच्या कानाजवळची खुर्ची एवढी वर्षं माझी आहे, पण कानच बंद." सर न वळता म्हणत, "ऐकतोय." काकू म्हणत, "काय म्हटलं मी?" सर म्हणत, "काहीतरी रास्त."

दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला खाडी दिसते तिथे त्यांनी आम्हाला एकदा नेलं होतं. ओहोटी होती. चिखलात प्लास्टिक, नारळ, एक चप्पल. सर त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गरम माणसांचं असंच असतं. देशाचा अपमान झाला, निवडणूक आली की भरती. मग सगळीकडे तेच. कधीतरी हिशोबाची वेळ येते, घरोघर रडारड होते, तेव्हा ओहोटी. गार माणसाला तेव्हा बोलावतात. त्याच्या वाट्याला हा चिखल येतो." टिटवाळा म्हणाला, "सर, मग गार माणसाने भरतीच्या वेळी करायचं काय?" सर "विचार करतो," म्हणाले. प्राध्यापक माणूस विद्यार्थ्यापुढे असं म्हणतो, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं.

त्याचं उत्तर आमच्या घरी मिळायचं होतं.

आमचं गाव नदीच्या अलीकडे, ताईचं सासर नदीच्या पलीकडे. दोन्ही गावांत सोयरिकी, येणंजाणं, हळदी. आणि दोन्ही गावांत क्रिकेटचं वेड. आमच्या मैदानावर दर हिवाळ्यात अंडरआर्मचे सामने होतात. मंडप, स्पीकर, समालोचन, सगळं. त्या वर्षी अंतिम सामना या दोन गावांत आला. शेवटच्या चेंडूवर धावबाद दिला तो आमच्या गावच्या पंचाने. पलीकडची पोरं म्हणाली, चीटिंग. आमच्यांनी स्पीकरवरून काहीतरी वावगं ऐकवलं. त्यांनी मंडपाच्या दोऱ्या सोडल्या आणि निकाल लागायच्या आत चषक उचलून नेला. मग दोन्हीकडे मोबाइलवर स्टेटस सुरू झाले. वाघाचा फोटो, खाली शिवी.

माझे बाबा तेव्हा गाव कमिटीचे अध्यक्ष होते. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला शांत माणूस. त्यांचा एकच दोष, शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटायचं. आणि शेवटी बोलायचा काका. बाबांचा चुलतभाऊ, पाण्याच्या टँकरचा धंदा, पांढरे बूट, गळ्यात जाड चेन, आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. माणूस प्रेमळ. मला बारावीला चांगले गुण मिळाले तेव्हा याने गावात फटाके लावले होते. पण आता तो रोज सकाळी येऊन ओटीवर बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा आणि दोन शब्द म्हणायचा, "गाव बंद."

गाव बंद म्हणजे त्यांचं कुणी इकडे यायचं नाही, आपलं कुणी तिकडे जायचं नाही. लग्न नाही, हळद नाही, मयतीलासुद्धा नाही.

ताईला सातवा महिना लागत होता. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच. आईने पाळणा धुऊन ठेवला होता. ताईच्या सासूचा फोन आला, "विहीणबाई, आमची काय हरकत नाय हो. पन आमचे कमिटीनं ठरवलंय, तुमच्याकडनं माफी आल्याशिवाय आमची सून नदी वलांडनार नाय." तिकडेही गाव बंदच होतं. आईने फोन ठेवला आणि तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच परत निवडत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तेच शिकतंस ना? भांडनाचा कॉलेज. मंग सांग तुझे पुस्तकान काय लिवलंय."

मी दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. सरांचे डोळे चमकले. "म्हणजे तुमच्याकडे दोन सार्वभौम राष्ट्रं आहेत! मध्ये नदी! आणि दोन्हीकडे गरम माणसं! आंबिवली, हे तर..."

माझा चेहरा बघून सर थांबले. पेन्सिल खिशात ठेवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ताईंना कितवा महिना?"

"सातवा लागेल."

"या रविवारी तुमच्याकडे आलो तर चालेल?"

तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी सर एकदा जात. त्याला ते 'राजकीय दौरा' म्हणत. त्यामुळे घरी मी एवढंच सांगितलं, की कॉलेजचे सर दौऱ्यावर येणार आहेत.

रविवारी सकाळी सर रिक्षातून उतरले. हातात बिस्किटांचा पुडा. ओटीवर नेहमीसारखी मांडणी होती. बाबा मधल्या खुर्चीत, शेजारी काका, भिंतीशी झोपाळ्याची बंगई रिकामी, आई आतल्या उंबऱ्यावर. सरांची नजर त्या खुर्च्यांवरून फिरली ती मी पाहिली. काकाला मोबाइलवर फोन आला आणि तो बोलत अंगणात गेला. सर समोरच्या स्टुलावरून उठले आणि शांतपणे काकाच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे.

काका परत आला. खुर्चीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. पाहुण्याला, त्यातून मास्तरांना, ऊठ म्हणता येईना. तो बंगईवर बसला. बंगई हलायला लागली. हलत्या बंगईवरून आवाज चढवणं अवघड असतं, हे मला त्या दिवशी समजलं.

तरी तो म्हणालाच, "मास्तर, तुमी शिकलेले. मना सांगा. समोरच्यानं थोबाडान मारली, तर दुसरा गाल पुढं करायचा काय? पोरगी तिकडं दिलीय म्हनून आमी मान खाली घालायची?"

मला वाटलं, आता सर त्यांचा 'परंतु' काढतील. पण ते म्हणाले, "मुळीच नाही. तुमच्यासारखा कडक माणूस गावाला पाहिजेच."

काकाने बंगई पायाने थांबवली. आईने उंबऱ्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की हेच का तुझे सर. मलाही तेच वाटत होतं.

सर बाबांच्या बाजूला किंचित वाकले. "एक विचारायचं होतं. लेकीला आणायला तुमच्याकडे जो जातो, त्याला काय म्हणतात?"

बाबा म्हणाले, "मुराळी. भाऊ जातो. आमचे पोरीना भाऊ नाय."

"मुराळ्याशी भांडतात का?"

आई आतूनच म्हणाली, "अवो मास्तर, मुराळ्याशी कोन भांडेल? त्याला जेवल्याबिगर सोडत पन नाय. वैऱ्याचे घरचा असला तरी."

"असं होय," सर म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला. मग काकाकडे वळले. "मला वाटतं, तुम्हीच जायला पाहिजे."

"मी? कुठं?"

"पलीकडे. मुराळी म्हणून. साहेब गेले," त्यांनी बाबांकडे हात केला, "तर ते म्हणतील, घाबरून आला. दुसरा कुणी गेला, तर म्हणतील, माफी मागायला आला. पण तुम्ही गेलात, तर काय म्हणतील?"

काका विचार करायला लागला. बाबा पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले आणि म्हणाले, "बोलतील, वाघ आयला."

"वाघाला माफी मागावी लागत नाही," सर म्हणाले. "आणि तुम्ही जे कबूल करून याल, त्याला या गावात कोण नाही म्हणणार? साहेबांनी केलेला समेट तुम्ही एका सकाळी मोडाल. तुम्ही केलेला समेट मोडायला गावात दुसरा काका नाही."

काकाने पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "आनि त्यांनी काय वाकडं बोललं तर?"

"ताई समोर असतील," सर म्हणाले.

आई उठली आणि आत जाऊन नारळ, लुगडं, लाडवांचा डबा घेऊन आली. कुणी हो म्हणायच्या आत तिने ते काकाच्या बाजूला बंगईवर ठेवलं. लाडू तिने आदल्या दिवशीच केले होते. कुणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

काका दोन दिवसांनी गेला. टँकर बाहेर ठेवून, नवीन शर्ट घालून. आम्ही दिवसभर ओटीवर. बाबा खुर्चीतून उठून रस्त्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. संध्याकाळी पुलाकडून रिक्षा आली. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी काका, मागे ताई आणि तिची सासू. काकाच्या मांडीवर चषक.

"मी त्यांना सांगितलं," काका उतरता उतरता गरजला, "आमची पोरगी न्यायला आयलोय, आनि आमची वस्तूपन! काय हिंमत होती कुनाची नाय बोलायची?" गावाला ही हकिकत महिनाभर पुरली. सरांना जे हवं होतं तेच झालं. काका जिंकून आला होता.

खरी हकिकत ताईने सांगितली. काका तिथे गेला तेव्हा त्याच्यासमोर कोण बसलं होतं? त्यांचा काका. ताईचा चुलत सासरा, तसाच आवाज, तशीच चेन. दोघं अर्धा तास एकमेकांकडे न बघता बसले. मग कोंबडीचा रस्सा आला, वडे आले. ताई अवघडलेल्या पोटाने वाढत होती. काका म्हणाला, "तू बस गो, वाकू नको." त्यांचा काका त्याच वेळी म्हणाला, "अगो, बस, दुसरं कोन वाढेल." दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं. तिथून पुढे दोघांनी मिळून दोन्ही गावच्या पोरांना ज्या शिव्या घातल्या, त्या ताईला माझ्यापुढेही उच्चारता येईनात. ठरलं असं, की पुढच्या वर्षापासून पंच तिसऱ्याच गावचे आणायचे. मग काका त्यांच्या खाटेवर घोरत झोपला. निघताना त्यांच्या काकानेच चषक आणून दिला. "ने. आमचे घरान जागा नाय ठेवायला."

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सर पेन्सिल फिरवत ऐकत होते. "दोन्हीकडची गरम माणसं एकमेकांची वैरी नसतात," ते म्हणाले. "एकमेकांची रोजीरोटी असतात. एकाचं दुकान दुसऱ्यावर चालतं. म्हणून भरतीच्या वेळी गरम माणसाला हटवायला जाऊ नये, तो हटत नाही. त्याला निरोप घेऊन पाठवावं. टिटवाळा, तुमचं खाडीवरचं उत्तर देतोय, ऐकताय ना?"

पण सर स्वतःवरही लवकर खूश होणारे नव्हते. पुढे काही महिन्यांनी मोठ्या घराने खरंच आपला सगळ्यांत गरम सल्लागार मागच्या आळीतल्यांशी बोलायला पाठवला. आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. सरांनी फोटोत गोल काढला आणि पान उलटलं. तो माणूस गेला, बसला, उठला आणि आधीपेक्षा जास्त गरम होऊन परतला. बोलणी मोडली. त्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "मुराळी बरोबर निवडला होता. पण त्या घरात त्यांची लेक नव्हती." मग म्हणाले, "देशांना एकमेकांच्या घरात लेकी देता येत नाहीत. विद्यार्थी पाठवता येतात, गवई, खेळाडू, डॉक्टर. तेवढं तरी करावं. कुणीतरी वाढायला समोर असलं पाहिजे."

ही गोष्ट मी दरवर्षी माझ्या वर्गात सांगते. पुस्तकात नाही, तरी सांगते.

ताईला मुलगी झाली, आमच्याच घरी. पुढच्या हिवाळ्यात सामने झाले, पंच तिसऱ्या गावचे. हरलो आम्ही, आणि काकाने पंचाला शिव्या दिल्या, पण दोन्ही काकांनी मिळून दिल्या. बक्षीस समारंभाचा फोटो मी मोठा करून सरांना दाखवायला वर्तकनगरला नेला. व्यासपीठावर बाबा मध्ये, उजवीकडे आमचा काका, डावीकडे त्यांचा काका, दोघंही बाबांकडे वाकून एकाच वेळी काहीतरी सांगत आहेत. मला वाटलं, सर आता कुठे गोल काढतात ते बघू.

टीव्हीचा आवाज बंदच होता. सरांनी चष्मा लावला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बाहेर कबुतरं घुमत होती. पेन्सिल आधी आमच्या काकापाशी गेली, मग त्यांच्या काकापाशी, आणि थांबली.

"आणि ही कोण?"

बाबांच्या मांडीवर ताईची पोर उभी होती. दोन्ही गरम माणसं बोलत होती आणि तिने इवल्याशा मुठीत बाबांचा कान घट्ट धरून ठेवला होता. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांना दोघांपैकी कुणाचंच ऐकू येत नसावं.

सरांनी सावकाश त्या मुठीभोवती गोल काढला. काकूंना हाक मारून तो दाखवला. काकू म्हणाल्या, "आता कसं बरोबर निघालं." मग सरांनी फोटो माझ्या हातात दिला.

तो फोटो आता आमच्या ओटीवर लावलेला आहे. आईला अजून वाटतं, की मास्तरांनी एवढा चांगला फोटो खराब केला, आणि दिवाळीची साफसफाई आली की ती खोडरबर घेऊन उभी राहते. ताईची मुलगी आता पहिलीत आहे. ती आजीचा हात धरते आणि म्हणते, "आजे, नको ना पुसू, तो माझा गोल हाय."